समुद्रकांठचें श्रीवर्धन

प्रवासास निघणाऱ्या पुष्कळ मंडळींची अशी समजूत असते कीं, समुद्रकांठचें शहर पाहणें म्हणजे समुद्र पाहणें होय. वाळूवर घटकाभर फिरावें, लाटांत पाय भिजवावे, मावळता सूर्य पाहावा आणि परत फिरावें. एवढ्यानें शहराची भेट पुरी झाली असें त्यांस वाटतें. परंतु आमच्या मतें अशा प्रवाशानें समुद्र पाहिला, शहर पाहिलेंच नाहीं. समुद्राचा वारा, त्याचें खारें पाणी व त्याचा कोप सोसून माणसांनीं त्याच्या शेजारीं संसार कसा मांडला, हें ज्यास उमगलें त्यासच तें शहर दिसलें. या लेखांत श्रीवर्धन या रायगड जिल्ह्यांतील लहानशा शहराच्या उदाहरणानें हीच गोष्ट विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजावून सांगण्याचा आमचा विचार आहे.

लवळ्याहून श्रीवर्धन सुमारें दीडशें किलोमीटर आहे. पिरंगुट व पौड हीं ओळखीचीं गांवें मागें टाकून रस्ता मुळशीच्या जलाशयाच्या कडेकडेनें जातो, ताम्हिणी घाट उतरतो आणि निजामपूर, माणगांव व म्हसळा यांवरून समुद्राकडे वळतो. वाटेवरील हा जलाशय म्हणजे एक शिकण्याजोगी गोष्ट आहे. आपली मुळा नदी स्वभावतः पूर्वेस वाहणारी. भीमा व कृष्णा यांच्या वाटेनें तिचें पाणी बंगालच्या उपसागरास मिळावयाचें. परंतु टाटांनीं मुळशीस धरण बांधून तिचें पुष्कळसें पाणी पश्चिमेकडे वळविलें. ज्या धरणाविरुद्ध १९२१ सालीं सेनापति बापट प्रभृतींनीं सत्याग्रह केला तें हेंच. तें पाणी घाटाखालीं भिरा येथें वीज उत्पन्न करून कुंडलिका नदीस मिळतें व तिच्याबरोबर अरबी समुद्रास जातें. सारांश, आपण घाट उतरून समुद्राकडे निघतों, तेव्हां आपल्याच नदीचें पाणी आपल्या अगोदर तिकडे गेलेलें असतें.

श्रीवर्धनास पोहोंचल्यावर प्रवाशानें प्रथम शहराची मांडणी लक्षांत घ्यावी. पश्चिमेस समुद्र, त्यास लागून पुळण, म्हणजे वाळूचा लांबरुंद पट्टा, पुळणीच्या कांठीं सुरूचीं झाडें, त्यांच्या आड नारळी-पोफळीच्या वाड्या, वाड्यांच्या आश्रयानें घरें व आळ्या, मग बाजारपेठ आणि सर्वांच्या पाठीशीं डोंगर. ही रचना सहज घडलेली नव्हे. सुरूचें झाड उडती वाळू व खारा वारा अडवितें. नारळास खारटपणा बराच सोसतो, म्हणून तो बाहेरच्या बाजूस शोभतो. पोफळ मात्र नाजूक जात आहे. तिला सावली व ओलावा हवा; उन्हाचा ताप थेट खोडास लागला तर खोड पोळून चिरतें. म्हणून ती नारळाच्या छायेंत वाढवितात. अशा रीतीनें एक झाड दुसऱ्याचें रक्षण करतें, आणि सर्व झाडें मिळून घरांचें रक्षण करतात.

समुद्रापासून हांकेच्या अंतरावर या वाड्या, मग त्यांस गोडें पाणी कोठून मिळतें, असा प्रश्न विद्यार्थ्यांच्या मनांत येईल. पावसाचें पाणी वाळूंत मुरतें. आणि गोडें पाणी खाऱ्या पाण्याहून हलकें असल्यामुळें तें जमिनीखालीं खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतें. तेथील विहिरींस लागतें तें हेंच पाणी. परंतु या ठेव्यास मर्यादा आहे. उपसा बेताबाहेर झाला कीं खालचें खारें पाणी वर चढतें व विहीर बिघडते. पाहुण्यानें स्नानाच्या वेळीं बादलीभर पाणी वांचविलें तर तो यजमानावर उपकारच होय.

श्रीवर्धनची सुपारी 'रोठा' या नांवानें प्रसिद्ध आहे. फळ मोठें, आंतील पांढरा भाग अधिक, आणि चवीस मऊ, अशी तिची ख्याति. तिच्यासाठीं येथें सुपारी संशोधन केंद्रही आहे. पिकलेलीं फळें उतरवून सुमारें ४० दिवस उन्हांत वाळवावीं लागतात, मग सोलावीं लागतात. फळें उतरविणारा गडी एका पोफळीच्या शेंड्यावरून झोका घेऊन दुसरीवर जातो, तें पाहतांना आपला श्वास क्षणभर थांबतो. परंतु सर्वांत महत्त्वाची गोष्ट काळाची आहे. लावलेल्या रोपास पहिलें फळ धरावयास पांच ते सात वर्षें लागतात, आणि भर उत्पन्नास त्याहून अधिक. बापानें लावावें आणि मुलानें खावें, असा हा व्यवहार आहे.

शहराचें दुसरें अंग म्हणजे कोळीवाडा व जीवना बंदर. वाडीचें काम वर्षांवर चालतें, तर बंदराचें घटकांवर; कारण तेथें घड्याळापेक्षां भरती-ओहोटीचा शब्द मोठा. दर चोवीस तासांत सुमारें दोनदां भरती व दोनदां ओहोटी येते, आणि चंद्र रोज जवळजवळ पाऊण तास उशिरां उगवत असल्यामुळें भरतीही रोज तितकीच पुढें सरकते. यावरून कोंकणांत एक सोपा ठोकताळा चालत आला आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. येईल त्या आंकड्याइतके वाजतां भरती पुरी होते. चतुर्थीस तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां. त्यानंतर सुमारें सहा तासांनीं पुरी ओहोटी. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास पाणी फार चढतें व फार उतरतें, त्यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास चढउतार थोडा, ती भांगाची भरती. विद्यार्थ्यांनीं पंचांग हातीं घेऊन हें गणित करून पाहावें. जून व जुलै या महिन्यांत माशांच्या विणीचा काळ असल्यामुळें यांत्रिक नौकांनीं मासेमारी करण्यास कायद्यानें बंदी असते. तेव्हां बंदर मुकें दिसलें तरी तें आळसावलेलें नसतें. नौकांची डागडुजी व जाळ्यांची दुरुस्ती चालूं असते.

इतिहासांतही या शहरास स्थान आहे. पहिले थोर पेशवे बाळाजी विश्वनाथ भट हे मूळचे येथलेच. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या जाचामुळें ते घाटावर आले आणि १७१३ सालीं शाहू महाराजांनीं त्यांस पेशवेपद दिलें. पुढें १९४८ सालीं जंजिरा संस्थान विलीन होईपर्यंत श्रीवर्धन त्याच संस्थानांत होतें. शहरांत पेशव्यांचें स्मारक आहे. तें पाहावेंच, परंतु तें पाहून झालें म्हणजे श्रीवर्धन पाहून झालें, असें मात्र समजूं नये.

३ जून २०२० रोजीं निसर्ग नांवाचें चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर येऊन आदळलें. ताशीं शंभर किलोमीटरांहून अधिक वेगाचा वारा कांहीं तास वाहिला. घरांचीं छपरें उडालीं, विजेचे खांब कोलमडले, आणि ज्या वाड्यांनीं पिढ्यान् पिढ्या घरांचें रक्षण केलें त्या स्वतःच आडव्या झाल्या. छप्पर एका हंगामांत पुन्हा घालतां येतें; पोफळ घालतां येत नाहीं. त्यांत आणखी एक अडचण उभी राहिली. सरकारनें फळबागांसाठीं हेक्टरीं ५०,००० रुपयांची मदत जाहीर केली. परंतु कोंकणांतील वाड्या गुंठ्यांनीं मोजाव्या लागतात. एक हेक्टर म्हणजे सुमारें ९९ गुंठे. तेव्हां दहा गुंठ्यांच्या वाडीवाल्याच्या वांट्यास जेमतेम पांच हजार रुपये आले. तेवढ्या जागेंत दाट लावलेलीं कितीतरी झाडें असतात, आणि त्यांच्याबरोबर पुढील कित्येक वर्षांचें उत्पन्न गेलेलें असतें. नुकसान जमिनीवर न मोजतां झाडांवर मोजावें, ही तेथील लोकांची मागणी या साध्या त्रैराशिकांतून निघाली, आणि ती आम्हांस न्याय्य वाटते.

असा प्रसंग केवळ कोंकणावरच येतो असें नाहीं. जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर रिकुझेनताकाता नांवाचें एक लहान शहर आहे. तेथील लोकांनीं सतराव्या शतकापासून समुद्रकांठीं पाईन वृक्षांची राई वाढविली होती. हेतु तोच, वारा, वाळू व खारें पाणी यांपासून शेतें व घरें वांचविण्याचा. ११ मार्च २०११ रोजीं भूकंपामागोमाग आलेल्या प्रचंड लाटेनें त्या राईंतील सुमारें ७०,००० वृक्ष वाहून नेले. शहरांतील सतराशेंहून अधिक माणसें मृत्यु पावलीं वा बेपत्ता झालीं. एकच वृक्ष उभा राहिला, पण मुळांशीं खारें पाणी मुरल्यामुळें पुढील वर्षीं तोही वाळला. लोकांनीं त्याचें खोड स्मारक म्हणून जतन केलें. परंतु ते स्मारकावरच थांबले नाहींत. २०२१ सालापर्यंत त्यांनीं तेथें सुमारें ४०,००० नवीं रोपें लावलीं. पूर्वीसारखी राई उभी राहावयास अर्धें शतक तरी लागेल, हें लावणाऱ्यांस ठाऊक होतें. जपानांतील पाईन आणि श्रीवर्धनांतील पोफळ यांची जात निराळी, परंतु रोप लावणाऱ्या हातांस लागणारा धीर एकच.

आतां प्रवाशाचें कर्तव्य काय? तेथें गेल्यावर एखाद्या वाडीवाल्याच्या घरीं उतरावें, त्याचें अन्न गोड मानून खावें, आणि रोठा सुपारी वा नारळ त्याच्याच हातून विकत घ्यावा. वाडीच्या वईतून विचारल्यावांचून आंत शिरूं नये व रोपांवर पाय देऊं नये. पुळणीवर गाडी घालूं नये. कचरा आपला आपण परत आणावा. तेथील माणसांस विचारल्यावांचून समुद्रांत शिरूं नये, कारण त्यांस पाण्याचा स्वभाव कळतो, आपणांस कळत नाहीं. आणि पालकांनीं आपल्या मुलांस एक प्रश्न अवश्य विचारावयास शिकवावें: "काका, हें झाड कोणीं लावलें?" कोठें आजोबांचें नांव ऐकूं येईल, कोठें "वादळानंतर आम्हीच लावलें" असें उत्तर मिळेल, आणि बोट कमरेइतक्या उंच रोपाकडे वळेल. त्या उत्तरापाशीं मुलांनीं क्षणभर थांबावें. समुद्र तर त्यांस पुढेंही पुष्कळदां पाहावयास मिळेल.