सिकलसेलवर नवा इलाज निघाला. पण कॅप्सूल सोडू नका

गेल्या दोन-तीन वर्षांत तुमच्याही कानावर आलं असेल, की सिकलवर म्हणे औषध निघालं, एकदाच घ्यायचं आणि रोग मुळातून जातो. बाजाराच्या दिवशी टपरीवर हा विषय निघतो. ज्याच्या घरी सिकलचं लेकरू आहे तो मनातल्या मनात हिशेब मांडायला लागतो. बैलजोडी विकली तर? दोन बांध्या गहाण टाकल्या तर? म्हणून ही बातमी खरी किती आणि आपल्यापासून लांब किती, ते आज सविस्तर पाहू.

बातमी खरी आहे. १६ नोव्हेंबर २०२३ रोजी ब्रिटनने आणि ८ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेने ‘कॅसजेव्ही’ या उपचाराला मान्यता दिली. माणसाच्या जनुकात नेमक्या जागी काप घेणाऱ्या ‘क्रिस्पर’ तंत्राचा हा जगातला पहिला मंजूर उपचार. हे तंत्र शोधणाऱ्या दोन बायांना, एमान्युएल शार्पाँतिए आणि जेनिफर डाउडना यांना, २०२० साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेलं होतं. अमेरिकेत मिसिसिपी राज्यातल्या व्हिक्टोरिया ग्रे यांच्यावर २०१९ मध्ये हा प्रयोग झाला. चार मुलांची आई, लहानपणापासून दवाखान्याच्या वाऱ्या. उपचारानंतर त्यांचे दुखण्याचे झटके थांबले आणि त्या पूर्ण वेळ नोकरी करू लागल्या. मान्यता देताना ज्या ३१ रुग्णांचा हिशेब पाहिला गेला, त्यांतल्या २९ जणांना सलग बारा महिने एकही तीव्र झटका आला नव्हता. हे आकडे साधे नव्हेत.

बाळाचं रक्त पुन्हा सुरू करायचं

आता हा इलाज करतो काय, ते समजून घ्या. आपल्या रक्ताच्या तांबड्या पेशी गोल आणि लवचिक असतात, बारीक नळीतूनही सरपटत जातात. सिकलच्या माणसात हिमोग्लोबिनच्या जनुकातलं एकच अक्षर बदललेलं असतं. तेवढ्यानं प्राणवायू कमी पडला की हिमोग्लोबिनच्या काड्या बनतात आणि पेशी विळ्यासारखी वाकडी होते. निरोगी पेशी १२० दिवस जगते, ही विळ्याची पेशी दहा-वीस दिवसांत संपते. म्हणून रक्त कमी. वाकड्या पेशी नळीत अडकतात, म्हणून हातपाय, कंबर, छाती ठणकते. रोवणीत दिवसभर पाण्यात वाकून काम केलं, ताप आला, थंडी बाधली, पाणी कमी प्यालं, की झटका आलाच. छातीत अडकलं तर फुप्फुस भरतं, आणि त्यात जीवही जातो.

पण एक गोष्ट आयांना डॉक्टरांच्या आधीपासून ठाऊक आहे. सिकलचं लेकरू जन्मतः चांगलं असतं. पाच-सहा महिन्यांचं होईपर्यंत गुटगुटीत, मग हळूहळू हातापायांना सूज, रडणं, पिवळेपणा. लोक म्हणतात नजर लागली. खरं कारण वेगळं आहे. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन निराळ्या जातीचं असतं आणि ते वाकडं होत नाही. जन्मानंतर शरीर त्याची चावी बंद करतं आणि मोठ्यांचं हिमोग्लोबिन चालू करतं. ही चावी बंद ठेवणारा राखणदार म्हणजे ‘बीसीएल-११-ए’ नावाचं जनुक, आणि त्याचं हे काम २००८ साली अमेरिकेतल्या बोस्टनच्या संशोधकांनी दाखवून दिलं. नव्या इलाजात बिघडलेल्या अक्षराला हातच लावत नाहीत. रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशींमध्ये या राखणदारालाच झोपवतात. मग मोठ्या माणसाच्या अंगात पुन्हा बाळाचं रक्त बनायला लागतं. मोठी शक्कल आहे ही, मानावंच लागेल.

सुई टोचली आणि झालं, असं नाही

लोकांच्या बोलण्यात हा भाग कधीच येत नाही. आधी रुग्णाच्या रक्तातून मूळ पेशी यंत्रानं वेगळ्या काढायच्या, कधी दोन-तीन खेपांत. त्या प्रयोगशाळेत पाठवायच्या, काप द्यायचा, तपासायच्या. यात महिने जातात. मग रुग्णाला कॅन्सरला देतात तसलं जहाल औषध देऊन हाडांतल्या जुन्या मूळ पेशी मारायच्या, जशी नवं पेरण्याआधी शेतातली धसकटं काढतात. केस जातात, तोंड येतं, पुढे मूल होण्याची शक्यताही कमी होऊ शकते. नव्या पेशी रुजेपर्यंत कित्येक आठवडे जंतूविरहित खोलीत राहायचं. त्याच ८ डिसेंबरला अमेरिकेत मान्यता मिळालेल्या दुसऱ्या उपचारावर, ‘लिफजेनिया’वर, रक्ताच्या कॅन्सरच्या धोक्याची ठळक सूचना छापावी लागली आहे.

आणि किंमत? मान्यतेच्या वेळी पहिल्याची २२ लाख डॉलर, दुसऱ्याची ३१ लाख डॉलर जाहीर झाली. त्या वेळच्या दराने रुपयांत सुमारे १८ कोटी आणि २६ कोटी. तेव्हा दोन बांध्या विकून यातलं काही होत नाही. ‘अमेरिकेचं सिकलचं इंजेक्शन आणून देतो, आगाऊ रक्कम टाका’ असं कोणी म्हणालं, तर तो लबाड आहे हे समजून चला.

फुप्फुसाच्या आनुवंशिक रोगांवरही असाच इलाज निघाला का, असंही लोक विचारतात. तिथं घोडं अडलेलं आहे. सिस्टिक फायब्रोसिस या रोगाचं जनुक १९८९ सालीच सापडलं, १९९३ पासून माणसांवर प्रयोगही सुरू झाले, पण रक्तासारखं यश आलं नाही. कारण साधं आहे. रक्ताच्या पेशी बाहेर काढून, दुरुस्त करून परत घालता येतात. फुप्फुस तसं काढता येत नाही, औषध आत न्यायचं तर चिकट बेडका वाट अडवतो.

आपल्याकडे काय चाललंय

सिकल आपल्याकडे काल आलेला नाही. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलवर १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं होतं. आदिवासींत तो आहे, अनुसूचित जातींत आहे, इतर मागासवर्गांतही आहे. म्हणून ‘हा त्यांचा रोग’ असं कुणी म्हणू नये. ज्याच्यात दोषाचं एकच जनुक असतं, त्या वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. हे १९५४ साली अँथनी अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेत दाखवलं. मलेरियाच्या जंगलपट्ट्यात हा दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकला तो म्हणूनच.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं त्याचं उद्दिष्ट. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संशोधन संस्थेचा देशी जनुक-उपचार जाहीर झाला. बिरसा मुंडांच्या नावावरून त्याला ‘बिरसा १०१’ म्हटलं आहे, आणि तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे दिलं आहे. परक्या औषधापेक्षा तो फार स्वस्त पडावा असा हेतू आहे. जाहीर झाला तेव्हा माणसांवरच्या चाचण्या पुढे व्हायच्या होत्या, आणि चाचण्यांना वर्षं लागतात. आपल्या देशात हे होणारच नाही असं मात्र समजू नका. वेल्लोरच्या सीएमसी रुग्णालयात हिमोफिलियाच्या पाच रुग्णांवर केलेल्या जनुक-उपचाराचा यशस्वी अहवाल २०२४ च्या डिसेंबरात जगापुढे आला आहे.

तोवर हातात काय आहे

हायड्रॉक्सीयुरिया. सरकारी दवाखान्यात मिळणारी ही कॅप्सूल. गंमत पाहा, ती सुद्धा तेच काम करते: बाळाच्या हिमोग्लोबिनची चावी थोडी सैल करते. अठरा कोटींचा इलाज ती पूर्ण उघडतो, कॅप्सूल अर्धीमुर्धी. तरी झटके निम्म्यावर आणण्याइतकी ताकद तिच्यात आहे, आणि अमेरिकेत १९९८ पासून ती सिकलसाठी मंजूर आहे. पण ती रोज घ्यावी लागते. दुखणं थांबलं की लोक सोडतात, ‘नवं औषध येणारच आहे’ म्हणून आणखी सोडतात, आणि मग रोवणीच्या ऐन दिवसांत पोराला खाटेवर टाकून तालुक्याला न्यावं लागतं. मधूनमधून रक्त तपासून घ्या, आणि दिवस राहिले असतील किंवा मूल हवं असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, कारण गरोदरपणात ती चालत नाही. सख्ख्या भावाबहिणीचा अस्थिमज्जा जुळत असेल तर प्रत्यारोपणाचा रस्ताही आहे. एका भावंडाचा जुळण्याची शक्यता रुपयात चार आणे.

आयांनो, एक गोष्ट शिकून घ्या. सिकलच्या लहान मुलाच्या डाव्या बरगडीखाली रोज हात लावून पाहत जा. पाणथरी एकाएकी वाढली, पोर पांढरंफट्ट पडलं, तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच दवाखाना गाठा. ताप आला तरी तसंच.

आता लग्नाचं. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला चार आणे रुग्ण, आठ आणे वाहक, चार आणे निरोगी. पहिलं लेकरू सिकलचं झालं म्हणून पुढची तीन सुटली, असं नसतं. आणि जनुक-उपचारानं बरा झालेला माणूसही दोषाचं जनुक पुढच्या पिढीला देतोच, कारण दुरुस्ती रक्तात होते, वीर्यात किंवा बीजांडात होत नाही. वाहक पोरीचं लग्न मोडायचं मात्र काही कारण नाही. नवरदेव वाहक किंवा रुग्ण नसला की झालं, एसएस मूल होणार नाही. पत्रिका पाहता तशी दोन्हीकडची कार्डं पाहा. पोरीचंच पाहायचं आणि पोराचं झाकायचं, हा प्रकार बंद व्हायला हवा.

तपासणीला गेलात तर एवढं विचारा. गावात होणारी साधी चाचणी सिकल आहे की नाही इतकंच सांगते, वाहक की रुग्ण ते सांगत नाही. त्यासाठी जिल्ह्याला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणी होते. तिचा कागद मागून घ्या, आणि त्यावर ‘एएस’ लिहिलंय की ‘एसएस’, ते शाळेत जाणाऱ्या पोराकडून का होईना, वाचून घ्या. एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे रुग्ण.