अंधेरीतली प्रेमचित्रं

चित्तप्रसाद हे नाव निघालं की चित्रकलेतले जाणकार १९४३च्या बंगालच्या दुष्काळाबद्दल बोलू लागतात. मला मात्र त्याच्या लिनोकटमधली प्रेमी जोडपी आधी आठवतात. टपोरे डोळे, मोकळे केस आणि भोवती दाटलेली झाडंपानं! मुंबईच्या एका प्रदर्शनात ती पाहिली आणि विरार लोकलमध्ये परतताना दुसरं काही सुचेना.

त्याचं आणि दुष्काळाचं थोडक्यात सांगतो. जन्म १९१५चा, नैहाटीचा, शिक्षण चितगावात, चित्रकला स्वतःची स्वतः शिकलेला. जात सांगणारं ‘भट्टाचार्य’ हे आडनाव त्यानं टाकून दिलं. दुष्काळात मिदनापूर पायी फिरून केलेलं ‘हंग्री बेंगॉल’ हे पुस्तक इंग्रज सरकारनं जप्त केलं, ५००० प्रती जाळल्या. मग तो मुंबईला आला. इप्टा या डाव्या नाट्यसंघटनेचं नगारावाल्याचं बोधचिन्ह त्याचंच. अमर शेख, अण्णा भाऊ साठे ज्या चळवळीत गायले, तिची ही खूण. पुढे कम्युनिस्ट पक्षापासून दूर झाला आणि अंधेरीत एकट्यानं काम करत राहिला.

आता माझ्या आवडीचा भाग. लिनोकट कोरतात लिनोलियमवर. लिनोलियम म्हणजे जवसाचं तेल आणि बुचाचा भुगा यांचा तागाच्या कापडावर बसवलेला थर. मुळात ते जमिनीवर अंथरायचं. थोडं उन्हात ठेवलं की मऊ पडतं आणि पातं सहज सरकतं. कोरलं ते कागदावर पांढरं, राहिलं ते काळं. आमच्या अर्नाळा किल्ल्याच्या दरवाजावर हत्ती आणि वाघ आहेत ना, तसंच हे काम: भोवतालचा दगड काढला म्हणून हत्ती उठून आला. शाई रुळानं फिरवायची, कागद ठेवायचा, यंत्र नसेल तर चमच्याच्या पाठीनं घासायचं. चित्र उलटं उमटतं, म्हणून उजवा हात डावीकडे कोरायचा. आणि एकदा निघालेला तुकडा परत बसत नाही.

अशा हट्टी माध्यमात प्रेम कोरायचं! १९०५ साली ड्रेस्डेनला जमलेल्या ‘डी ब्रुके’ गटातल्या जर्मन अभिव्यक्तीवाद्यांनी लाकडात कोरलेली माणसं टोकदार, अस्वस्थ असतात. दुष्काळातल्या चित्तप्रसादची रेघही तशीच बोचरी आहे. पण जोडप्यांपाशी तीच रेघ गोलावते. केसांच्या रेघा पानांत मिसळतात, पानांच्या रेघा पदरात, आणि बाई कुठं संपली, झाड कुठं सुरू झालं हे सांगता येत नाही. रंग म्हणाल तर जलरंग आणि पेस्टलमध्येही त्यानं काम केलं. तरी माझ्या मते काळ्या शाईतली ही चित्रंच त्याची सर्वांत रंगीत चित्रं आहेत.

कुणी म्हणतात, लढाऊ चित्रकार शेवटी हळवा झाला. मला हे मुळीच पटत नाही. याच अंधेरीत त्यानं राबणाऱ्या मुलांची लिनोकट केली. युनिसेफच्या डॅनिश समितीनं ती १९६९मध्ये पुस्तकरूपानं काढली. अंधेरीतच ‘खेलाघर’ नावाचा बाहुल्यांचा खेळ उभा केला. ज्याला उपाशी पोराचं दुःख कळलं, त्याच माणसानं माणसाचं सुख इतक्या मनापासून कोरलं. १९७८मध्ये कोलकात्यात तो गेला.

वसई-विरारच्या चित्रकला शिक्षकांना माझी एकच विनंती आहे. लिनोचा तुकडा आणि दोन पाती महाग नाहीत. पोरांना एकदा कोरू द्या, आणि कोरण्याआधी चित्तप्रसादचं एक जोडपं दाखवा.