*मिरचीची रोपं शेडनेटमध्ये न्यायची कधी? तारीख बघू नका, रात्रीचा पारा बघा*



उन्हाळी मिरची आणि ढोबळीची रोपं नर्सरीत तयार होत आली आहेत. बेड तयार, ठिबक अंथरलेलं, मल्चिंगही झालेलं. दुपारी शेडनेटमध्ये शिरलं की अंगातला स्वेटर काढावा लागतो, त्यामुळे "आता लावूनच टाकू" असं वाटणं साहजिक आहे. पण मिरचीचं नुकसान होतं ते पहाटे, आपण झोपेत असताना. म्हणून ट्रे उचलण्याआधी हा मेसेज पूर्ण वाचा.

*आतली रात्र बाहेरच्यापेक्षा फारशी ऊबदार नसते*

आपल्याकडच्या पॉलिहाऊसला हीटर नसतो. दिवसभर साठलेली ऊब कागदातून रात्री निघून जाते. आभाळ निरभ्र आणि वारा बंद असेल, तर पहाटे आत-बाहेर एक-दोन अंशांचाच फरक उरतो, कधी तोही नसतो. शेडनेटमध्ये तर फरक आणखी कमी. निफाडच्या बाजूला कडाक्याच्या थंडीत पारा 5-6 अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा नेटमधली मिरचीही गारठतेच. नाल्याकाठी किंवा खोलगट जागी नेट असेल तर थंड हवा तिथेच साचते. शेजाऱ्याच्या माळावरचा प्लॉट सुखरूप आणि आपला मार खाल्लेला, असं त्यामुळेच होतं.

मिरचीला दिवसा 25 ते 30 आणि रात्री 16 ते 20 अंश मानवतात. रात्री 12-13 च्या खाली गेलं की वाढ थांबते, 10 च्या खाली पानांना आणि मुळांना इजा होऊ लागते. गार मातीत मुळं चालत नाहीत, स्फुरद उचललं जात नाही आणि पानं जांभळट पडतात. अशा वेळी वरून खत वाढवून उपयोग नाही. ओल आणि गारवा एकत्र आला की मर रोगही येतो.

*मग होळीपर्यंत थांबायचं का?*

"होळी जळाली, थंडी पळाली" हे खरं, पण तिथपर्यंत थांबणंही महागात पडतं. लागणीनंतर साधारण 35 ते 40 दिवसांनी फुलं लागतात. फेब्रुवारीच्या मध्याला लावलं तर फूल मार्चअखेरीला येतं आणि झाड उन्हाआधी उभं राहतं. मार्चच्या मध्यानंतर लावलं तर फुलोरा एप्रिलअखेरच्या चाळिशीत सापडतो आणि फुलगळ होते. शिवाय कोवळ्या रोपांवर फुलकिडे तुटून पडतात. म्हणजे संक्रांत आणि होळीच्या मधली थोडीच खिडकी आपल्याला मिळते. ती गावोगाव वेगळी असते. कोकणात लवकर उघडते, नाशिक-पुण्याच्या थंड पट्ट्यात उशिरा.

आपली खिडकी ओळखायची सोपी रीत आहे. कमाल-किमान तापमान दाखवणारा साधा थर्मामीटर आणा आणि बेडपासून वीतभर उंचीवर, सावलीत टांगा. रोज सकाळी रात्रीचा किमान आकडा वहीत लिहा. *सलग पाच-सहा रात्री 13 च्या खाली गेला नाही,* आणि पुढच्या आठवड्याच्या हवामान अंदाजात थंडीची लाट नाही, की लागण करा. मोबाईलवर दिसणारा तालुक्याचा आकडा तुमच्या बेडवरचा नसतो, हे लक्षात ठेवा.

*आठवडाभर आधी रोपं कणखर करा*

नर्सरीतून आणलेलं रोप थेट बेडवर जाऊ नये. ट्रे सात-आठ दिवस आधी आपल्या नेटमध्ये आणा. जमिनीवर न ठेवता स्टँडवर किंवा विटांवर ठेवा. पहिले दोन दिवस आडोशाला, मग हळूहळू ऊन-वारा वाढवा. पाणी थोडं ताणा, पण रोप माना टाकेल इतकं नको. युरिया, 19:19:19 बंद. पहिले दोन-तीन दिवस रात्री ट्रेवर क्रॉप कव्हर टाका, नंतर काढा.

पाच-सहा खरी पानं, अर्धी वीत ते वीतभर उंची, टणक खोड आणि कोकोपीटला धरून पांढरी मुळं असं रोप घ्या. कळी आली असेल तर खुडून टाका.

*लागणीच्या दिवशी*

1. आदल्या दिवशी ठिबक चालवून बेड ओला करा. वाफशावर लावा.
2. दुपारी चारनंतर लागण करा.
3. मल्चिंगचं भोक ऐसपैस ठेवा. तापलेल्या कागदाची कड खोडाला टेकली तर खोड तिथेच भाजतं.
4. ट्रायकोडर्माचं द्रावण पाकिटावरच्या प्रमाणात करून मुळांना द्या.
5. रोप ट्रेमध्ये होतं तितकंच खोल लावा.

*लागणीनंतर थंडी परत आली तर*

बाजूचे पडदे चार-साडेचारलाच, ऊन असताना पाडा म्हणजे थोडी ऊब आत राहते. सकाळी ऊन तापलं की लगेच उघडा. पडदा विसरला तर बंद पॉलिहाऊस दुपारी चाळिशी ओलांडतं आणि थंडीतून वाचलेलं रोप उन्हात जातं. पाणी सकाळी-दुपारी द्या, संध्याकाळी नको. ओली माती दिवसाची ऊब जास्त धरते. बेडवर तारेच्या कमानी करून 17 ते 20 जीएसएमचं क्रॉप कव्हर रात्रीपुरतं टाका. आत शेकोटी किंवा धूर अजिबात करू नका. ऊब टिकत नाही, आणि एक ठिणगी पूर्ण कागद घेऊन जाते.

*हिशेब एकदा करून बघा*

बेड-रस्ता मिळून पाच फूट, दोन ओळी आणि दीड फुटावर रोप धरलं, तर 10 गुंठ्यांत अडीच ते पावणेतीन हजार रोपं बसतात. एका गार रात्रीत ती अडकली, तर पैशाबरोबर नवीन रोपं तयार व्हायचे 35-40 दिवसही जातात, आणि तोवर खिडकी बंद झालेली असते. त्यापुढे आठ दिवस थांबणं स्वस्त पडतं.

ज्यांनी थर्मामीटर लावला आहे त्यांनी सकाळचा किमान आकडा गावाच्या नावासह ग्रुपवर टाकावा. आजूबाजूच्या सभासदांनाही त्यावरून अंदाज घेता येईल.

आपली शेतकरी उत्पादक कंपनी, पीक सल्ला विभाग