शिकवता शिकवता

माझा धंदा कोणता, असं कुणी विचारलं की मी सांगतो, "पाच दिवस घडवतो, दोन दिवस शिकवतो." संगणकावर किंवा फोनवर आपण जी पानं पाहता, त्यांतली अक्षरं, रंग, बटणं मांडणं ही माझी नोकरी, आणि शनिवार-रविवार पुण्यात तीच विद्या मुलांना शिकवणं हा माझा नाद.

विद्या तशी घरबांधणीसारखीच. एचटीएमएल म्हणजे भिंती, सीएसएस म्हणजे रंगरंगोटी आणि जावास्क्रिप्ट म्हणजे वीज. ही वीज ब्रेंडन आईक यांनी १९९५ साली अवघ्या दहा दिवसांत उभी केली, हे ऐकून वर्ग हमखास खूष होतो!

एकदा वर्गात एक अंध मुलगी आली. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा एनव्हीडीए हा मोफत प्रोग्रॅम ती वापरी. मी मोठ्या ऐटीत माझंच एक पान तिच्यापुढं उघडलं. टॅबची कळ दाबत तिनं नाव भरलं, पत्ता भरला, आणि ती थबकली.

"सर, अर्ज पाठवायचं बटण कुठंय?"

बटण होतं, चांगलं हिरवंगार! पण 'बटन' ही खूण न वापरता मी साध्या 'डिव्ह'लाच रंग फासला होता. डोळसांना ते बटण; तिच्या कळीला मात्र त्याचा पत्ताच नाही.

इतकी वर्षं या धंद्यात काढून मी अगदी ओशाळलो. दुरुस्ती एका शब्दाची होती. पुढल्या रविवारी तिनं अर्ज पाठवला, तेव्हा तिच्यापेक्षा मलाच जास्त आनंद झाला.

आता पहिल्याच दिवशी मी मुलांना सांगतो, "माऊस बाजूला ठेवा, डोळे मिटा, आणि मग आपलं पान चालवून पाहा!"