ऐकणारा हवा, तारीख हवी

बंगळुरूच्या कोरमंगलात लिहिण्यापेक्षा बसणं महाग पडतं. कॉफी मागवून लॅपटॉप उघडावा, तर तासाभरात वेटर दुसऱ्या ऑर्डरसाठी घुटमळू लागतो. स्टार्टअपवाल्यांच्या या वस्तीत दोन दिवसांत लेखक घडवणाऱ्या कार्यशाळांनाही तोटा नाही. फी भरण्याआधी जरा थांबावं, असं माझं मत. संवाद कसे लिहावेत, निवेदक कोण असावा हे पुस्तकांतून कळतं. नवख्याला खरी नड असते ती ऐकणाऱ्याची आणि तारखेची.

ऐकणारे इथे मिळतात. सुबोध आणि लक्ष्मी शंकर यांचं ‘अट्टा गलट्टा’ हे पुस्तकांचं दुकान आधी कोरमंगलातच होतं, आता इंदिरानगरला आहे. भारतीय भाषांतली पुस्तकं आणि वाचनाचे कार्यक्रम ही त्याची ओळख. शहरात ओपन माइकही होत असतात. नाव नोंदवायचं, वाट्याला आलेली चार-पाच मिनिटं वाचायचं. कागदावर देखणं दिसणारं वाक्य वाचताना धाप लागली, की ते कुठे तोडायचं हे आपोआप कळतं. विनोदाला कुणी हसलं नाही, तर पेन्सिलीने खूण करून ठेवावी.

मराठीत लिहिणाऱ्याला मात्र ऐकणारे जमवावे लागतात. महाराष्ट्र मंडळ आहे गांधीनगरला. शनिवारी संध्याकाळी कोरमंगलातला सोनी वर्ल्डचा सिग्नल पार करून तिथवर जायचं म्हणजे साहित्यावर निष्ठाच हवी! त्यापेक्षा सोसायटीतले तिघे-चौघे बरे. एकही पुरतो, याचा दाखला पुण्यात आहे. अनुवादक उमा कुलकर्णी कन्नड जाणतात, पण त्या लिपीतलं वाचन त्यांना सरावाचं नव्हतं. पती विरूपाक्ष नोकरी सांभाळून कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवत, उमाताई त्या ऐकून मराठीत उतरवत. घरातल्या घरात चाललेल्या या उद्योगातून कन्नड कादंबरीकार एस. एल. भैरप्पा मराठीत आले. त्यांच्या ‘वंशवृक्ष’च्या अनुवादाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

तारखेची सोय दिवाळी अंकांनी करून ठेवली आहे. का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ साली दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही वहिवाट. अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते, त्यामुळे कथा जूनपर्यंत हातावेगळी करावी. नोव्हेंबरात ५०,००० शब्द लिहून घेणारा ‘नॅनोरायमो’ हा अमेरिकी उपक्रम २०२५ मध्ये बंद पडला. पण रोजचे १,६६७ शब्द हा हिशेब घरीही जमतो. मला विचाराल तर तीनशे पुष्कळ झाले.

राहिलं वाचन. त्याला फार पैसे लागत नाहीत. चर्च स्ट्रीटवर ‘ब्लॉसम’मध्ये जुनी पुस्तकं मिळतात. ‘कब्बन रीड्स’वाले शनिवारी सकाळी कब्बन पार्कात झाडाखाली आपापलं पुस्तक घेऊन गप्प बसतात, प्रवेश फुकट. मराठी विश्वकोश इंटरनेटवर मोफत आहे. आणि संग्रहापुरत्या कथा साठल्याच, तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकाच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान देतं. पैसे घेऊन पुस्तक छापणाऱ्याकडे जाण्याआधी या अनुदानाची नियमावली वाचून घ्यावी.