निळोण्यापासून सहस्रकुंडापर्यंत

मुंबईचा माणूस सुटी मिळाली की अलिबागची लाँच पकडतो. रत्नागिरीकर पाहुण्याला गणपतीपुळ्याला नेऊन मोकळा होतो. समुद्रकाठच्या शहरांना सहल कुठं काढायची हा प्रश्न फारसा पडत नाही. यवतमाळकराला तो हमखास पडतो. पाहुणा तर्री-पोह्याची प्लेट खाली ठेवता ठेवता विचारतो, 'इथं पाहण्यासारखं काय आहे?' आणि आपण एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतो. आहे बरंच काही, पण त्यातलं सहलीसाठी म्हणून केलेलं जवळपास काहीच नाही. धरणं ओलितासाठी आणि नळासाठी, कुंडं नवसासाठी, रोपवाटिका वनखात्याच्या कामासाठी, खाणी कोळशासाठी. रविवारी डबे घेऊन आपण त्यांत घुसतो, इतकंच. जिल्ह्यातल्या एका दिवसाच्या वाटांची गंमत यातच आहे, आणि गैरसोयही.

हंगामाचं आधी बोलून घेऊ. पोळा झाला की सुरुवात करावी आणि संक्रांतीपर्यंत आटोपावं. फाल्गुनात साग निष्पर्ण होतो, पळस फुलतो, ते चार दिवस पुन्हा बाहेर पडण्याजोगे. त्यानंतर ऊन पंचेचाळिशीकडे धावतं, आणि तेव्हा बाहेर निघतो तो एक तर तेंदूपत्ता तोडणारा किंवा वाघ बघायला पैसे भरलेला.

शहराला अगदी लागून असलेली ठिकाणं म्हणजे निळोणा आणि चापडोह. दोन्ही शहराला पाणी पाजणारे प्रकल्प. श्रावणात निळोण्याच्या सांडव्यावरून पाणी पडू लागलं की फोनवर निरोप फिरतात आणि संध्याकाळपर्यंत अर्धं यवतमाळ तिथं असतं. भजी, कणसं, भिजलेली पोरं. बाहेरच्याला वाटेल, एवढ्याशा धबधब्याचं काय कौतुक! पण २०१८ च्या उन्हाळ्यात हेच दोन्ही तलाव तळाला गेले होते, आणि गल्लोगल्ली टँकरमागे ड्रम घेऊन धावलेले लोक सांडव्यावर उभं राहून निव्वळ निसर्गसौंदर्य पाहत नसतात. वर्षभराची बेगमी झाली की नाही, ते डोळ्यांनी बघून घेत असतात. बेंबळा प्रकल्पावर गाडी थांबवणाऱ्याचा पहिला प्रश्नही तोच: किती टक्के भरलं? सांडव्याचा दगड मात्र शेवाळलेला असतो. फोटोसाठी त्यावर चढणाऱ्यांना कोणी हटकत नाही, ते आपणच हटकावं.

विदर्भातल्या डबापार्टीत डबा कमी आणि चूलच जास्त. कार्तिकात आवळीभोजन, एरवी कुठल्याशा मारुतीच्या पारावर रोडगे, नाही तर शेतात पानगे. पानग्याला जाडसर दळलेली कणीक लागते. मीठ, ओवा, तेलाचं मोहन घालून ती घट्ट मळायची, पळसाच्या पानावर तळहाताने थापायची, वरून दुसरं पान ठेवायचं. गोवऱ्यांचा धूर पुरता जाऊन लाल निखारे उरले की त्यांत ती पानं सारायची. घाई केली की बाहेरून कोळसा आणि आत कच्ची कणीक. पान जळून जातं आणि त्याच्या शिरांची नक्षी पानग्याच्या पाठीवर उमटून राहते. राख झटकायची, पानगा हाताने फोडायचा, त्यावर तूप सोडायचं आणि जर्मनच्या गंजात शिजलेली वांग्याची भाजी घ्यायची. हल्ली केटरर्स हेच सगळं प्लास्टिकच्या ताटात लावून देतात. चव बरी असते, पण गोवऱ्यांशी दोन तास झटण्यात जी भूक लागते ती केटरर कुठून देणार?

नागपूर रस्त्याने निघालं की पाऊण तासाच्या आत कळंब. चक्रावती नदीकाठचा चिंतामणी हे गणपतीचं जुनं ठाणं, पण इतर देवळांसारखं वर चढून जायचं नाही, पायऱ्या उतरून जमिनीच्या पोटात जायचं. मूर्ती दक्षिणाभिमुख. समोर कुंड. गौतमाच्या शापातून सुटण्यासाठी इंद्राने इथं गणेशाची आराधना केली आणि अंकुशाच्या घावातून हे पाणी निघालं, अशी कथा. बारा वर्षांनी गंगा येते, कुंड भरून पाणी गाभाऱ्यात शिरतं, चिंतामणीच्या पायाला लागतं आणि ओसरतं, ही श्रद्धा इतकी पक्की आहे की घराघरात म्हातारी माणसं लग्नं आणि जन्म त्या गंगेवरून मोजतात. भूजलाचा अभ्यास करणारा या चढउतारावर काय म्हणेल ते म्हणो. भर दुपारीही तिथल्या पायऱ्यांवर गारवा असतो, तेवढ्यासाठीही थांबावं.

कळंबहून पुढे राळेगावकडे वळलं तर रावेरी. सीतेचं मंदिर, रामाशिवायचं. टाकून दिलेल्या सीतेने इथं लव-कुशांना वाढवलं, गावात मूठभर गहू मागितले, गावाने नाकारले, म्हणून तिने गहू न पिकण्याचा शाप दिला, अशी आख्यायिका. पडझड झालेल्या या देवळाच्या जीर्णोद्धारासाठी शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांनी पुढाकार घेतला. टाकलेल्या बाईच्या देवळात शेतकरी चळवळीने लक्ष घालावं, हे कापूसपट्ट्यात मला फार सूचक वाटतं. सहलीचं ठिकाण म्हणून तिथं अर्धा तास पुरतो. गप्पा मारायला बसलं तर दिवसही.

आता टिपेश्वर. पांढरकवडा आणि घाटंजी तालुक्यांत पसरलेलं १४८ चौरस किलोमीटरांचं हे अभयारण्य १९९७ साली जाहीर झालं आणि बरीच वर्षं जिल्ह्याबाहेर कोणाला फारसं ठाऊक नव्हतं. आज सुन्ना आणि माथनी फाटकांवर हैदराबादच्या गाड्या रांगेत असतात, कारण नागपूर-हैदराबाद महामार्ग बाजूनेच जातो. आमचे लोक त्या रांगेत कमी. टिपाई देवीच्या नावाचं हे जंगल सागाचं, चढउतारांचं, नाल्यांचं. वाघांना मात्र ते पुरेनासं झालंय. इथं जन्मलेला एक तरुण नर २०१९ मध्ये गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन बाहेर पडला, तेलंगणात जाऊन आला, शेतांतून आणि नाल्यांतून रात्री चालत तीन हजारांहून जास्त किलोमीटर भटकला आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात जाऊन स्थिरावला. त्याला 'वॉकर' म्हणू लागले. २०२४ च्या अखेरीला टिपेश्वरचाच आणखी एक वाघ थेट धाराशिवजवळ येडशीच्या रामलिंग घाटात सापडला. माणसं टिपेश्वरला यायला धडपडतात आणि वाघ तिथून निघायला.

याच जिल्ह्यात २ नोव्हेंबर २०१८ रोजी राळेगाव तालुक्यातल्या बोराटीच्या जंगलात अवनी वाघीण गोळीने मारली गेली. तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. शहरांत तिच्यासाठी मेणबत्त्या लागल्या. त्या भागातले लोक दोन वर्षं कापूस वेचायला टोळीने, डबे वाजवत जात होते. उघड्या जिप्सीत बसून वाघ पाहणाऱ्याने दोन्ही ध्यानात ठेवावं. जंगलात कोणी शिरायचं हा वाद इथला जुनाच आहे. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळच्या राखीव जंगलात गवत कापून कायदा मोडला आणि तुरुंगात गेले. आता आपण तिकीट काढून शिरतो.

दक्षिणेची सगळी सीमा पैनगंगेची. वऱ्हाड आणि निजामाचा मुलूख हिनेच वेगळे केले होते. धनोड्याचा पूल ओलांडला की नांदेड जिल्हा आणि माहूर: रेणुका, दत्तशिखर, रामगड. तिथं जाणाऱ्याला कोणी वाट सांगायची गरज नाही. किनवट तालुक्यात उनकेश्वरचे, तर नदीच्या अलीकडच्या काठाला कापेश्वरचे गरम पाण्याचे झरे आहेत. गंधकाच्या वासाची तयारी ठेवून जावं. पुसदच्या बाजूला ईसापूर धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरतात. चक्रवाकांच्या जोड्या तर दुर्बिणीशिवायही ओळखू येतात, भगव्या रंगावरून.

आणि उमरखेड तालुक्याच्या टोकाला सहस्रकुंड. या एका ठिकाणासाठी पहाटे निघावं, कारण पल्ला लांबचा आहे आणि 'बंदी भाग' म्हणतात त्या जंगलपट्ट्यातला रस्ता वेग देत नाही. पैनगंगा इथं काळ्या बेसॉल्टच्या पायरीवरून खाली येते. कातळ सपाट नाही, चिरफाळलेला आहे, त्यामुळे पाणी एकसंध पडत नाही. कुठे जाड पडदा, कुठे भेगेतून फेकलेली चिळकांडी, आणि खाली रांजणांसारखी खळगी, ज्यांत गोटे फिरून फिरून गुळगुळीत झालेत. यवतमाळच्या बाजूला मुरली, पलीकडे नांदेडचं इस्लापूर. दोन्ही काठांवरचे लोक खरा धबधबा आपल्याच बाजूने दिसतो असं सांगतात. माझं मत मुरलीला. पाऊस चांगला झाला आणि वर ईसापूरचे दरवाजे उघडले की इथं बोललेलं ऐकू येत नाही. दिवाळीनंतर मात्र धार बारीक होत जाते. म्हणजे धबधबाही अखेर पाटबंधारे खात्याच्या मर्जीवर! आश्विनाचा पहिला पंधरवडा साधावा. पाण्याच्या अगदी कडेला जाऊ नये, कातळ ओला असो वा नसो.

वणीकडे सहलीला जा, असं सांगितलं की लोक हसतात. कोळशाचे ट्रक, काळी धूळ, राजूरच्या चुनाभट्ट्या. पण दगड वाचता येणाऱ्याला सगळ्या जिल्ह्यात याच्याइतकं श्रीमंत रान नाही. पश्चिमेचा जिल्हा लाव्हाच्या काळ्या थराखाली गाडलेला. वणीच्या बाजूला तो थर संपतो आणि खालचा गोंडवन काळातला कोळसा आणि त्याहूनही कितीतरी जुना पैनगंगेचा चुनखडक उघडा पडतो. झरी जामणी तालुक्यात शिबला-पारडीजवळ बेसॉल्टचे बहुकोनी खांब आहेत, अंधेरीच्या गिल्बर्ट हिलच्या जातीचे. लाव्हा थंड होताना आकसतो, तडकतो आणि असे उभे खांब तयार होतात. चंद्रपूरचे अभ्यासक सुरेश चोपणे यांनी त्यांच्याबद्दल सांगितलं तेव्हा कुठे वर्तमानपत्रांत चार ओळी आल्या. पांडवांच्या नावावर एखादी गोष्ट असती तर केव्हाच पायऱ्या आणि रसवंती झाली असती.

एवढं सगळं पाहायचं कसं? एसटी तालुक्यापर्यंत नेते, पुढे ऑटो किंवा ओळखीच्याची मोटारसायकल. एकेकाळी सहलीचं वाहन म्हणजे शकुंतला, मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटरांची नॅरोगेज. तिच्या वेगावर विनोद करणारेच ती बंद पडल्यावर हळहळतात. आता वर्धा-यवतमाळ-नांदेड ब्रॉडगेजचं काम चालू आहे, आणि २८ फेब्रुवारी २०२४ रोजी त्यातला वर्धा-कळंब टप्पा सुरू झाला. वर्ध्याचा माणूस रेल्वेने चिंतामणीला येऊ शकतो आणि जिल्ह्याच्या गावाहून कळंबला जायचं तर बसच, असा हा उफराटा प्रकार. स्टेशनापासून देवळापर्यंत ऑटोवाले किती घेतात, ते आधी ठरवून घ्यावं.