'कसंतरीच होतंय' म्हणजे नेमकं काय?

मैत्रिणींनो, "आज अगदी कसंतरीच होतंय गं," असं आपण किती सहज म्हणतो! पण कसंतरी म्हणजे काय?

परवा माझ्या मुलीला गणितात कमी मार्क पडले. दिवसभर मी घुश्श्यात. दूध उतू गेलं, तेही तिच्यामुळेच! रात्री वही घेऊन बसले. आधी लिहिलं, 'राग'. खोडलं. 'काळजी'? छे. मग लिहिलं, 'लाज'. आता मार्क तिचे, लाज मला का? तेव्हा उमगलं, 'शिक्षिकेच्या मुलीला चांगले मार्क पडलेच पाहिजेत' हे मी कधीपासून मनात धरून बसले होते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास सुरू केलेल्या उपचारपद्धतीत भावनेला असंच नेमकं नाव देतात. खंत वेगळी, अपराधीपणा वेगळा. खंतीमागे इच्छा असते, 'जमलं असतं तर बरं झालं असतं'. अपराधीपणामागे हट्ट, 'जमायलाच हवं होतं'. आपल्या मराठीत हा हट्ट एवढ्याशा 'च'मध्ये दडलेला असतो बघा!

सकाळी लेकीला जवळ घेऊन विचारलं, "मार्क बघून तुला काय वाटलं गं?"

ती म्हणाली, "तुझी भीती वाटली."